राखणदाराच्या बाटलीतलं ओल्ड फॅशन्ड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई, नंतर मधेमधे मला थांबवू नका. एकदा मी बोलायला लागले की मला कोणी अडवलेलं खपत नाही. स्वभावच आहे तो माझा! आणि खरं सांगू? जी फजिती झाली ती ह्या स्वभावापायीच झाली. माणूस दारू पिऊन तमाशा करतो हे तुम्ही पुष्कळदा बघितलं असेल. मी काय पिऊन केला, ते ऐका. चहा घेतलात ना सगळ्यांनी? मग बसा नीट.

आमचं घर मालवणहून जरा आत, माडाच्या बागेत. पुढे सारवलेलं अंगण, त्याला आम्ही खळं म्हणतो, मागे मांगर. मांगर म्हणजे नारळाची सोडणं, कुदळी-खोरी आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्या ठेवायची कौलारू खोली. घरात मी आणि आमचे हे. ह्यांना अख्खा गाव बाबी म्हणतो. भिंतीपलीकडे मोठे भावजी, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. माझं म्हणाल तर सगळं आयुष्य बालवाडीत गेलं. त्यामुळे समोरचा माणूस साठीचा असला तरी त्याला ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ करायला लावल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आमचा एकुलता एक प्रसाद पुण्याला नोकरीला. तिथेच त्याने मुलगी पसंत केली, कल्याणी. मुलगी गोड, अगदी नाव ठेवायला जागा नाही. वडील नाहीत, आई डॉक्टर. सगळं ठरल्यात जमा होतं, पण आई म्हणाली, ‘एकदा घर बघते, माणसं बघते, मग शब्द देते.’ म्हणजे परीक्षा कोणाची? माझीच!

मी प्रसादला फोन केला. ‘‘काय आवडतं रे त्यांना? मोरी माशाचं मटण करू? की पापलेट?’’

‘‘आई, माधवीकाकूंचं काही नसतं गं. मासे खातात, खाली सतरंजीवर झोपतात. फक्त संध्याकाळी त्या एक ओल्ड फॅशन्ड घेतात.’’

‘‘ते काय असतं? काढा?’’

‘‘कॉकटेल, आई. व्हिस्कीचं.’’

मी फोन कानावरून काढला, बघितला, परत लावला. आमच्या घरात बाई आणि व्हिस्की हे दोन शब्द एका वाक्यात आले तर ‘त्या बाईच्या घोवान व्हिस्की पिऊन’ अशीच त्या वाक्याची सुरुवात असते. बाप्ये मांगराच्या मागे जाऊन काय प्यायचं ते पितात, आणि आम्ही ‘आम्हाला काही माहीत नाही’ असं तोंड करून सुकट भाजून देतो.

‘‘पण तू काही करत बसू नकोस हां,’’ प्रसाद म्हणाला. ‘‘नसलं तरी चालेल म्हणाल्यात.’’

चालेल म्हणे! अरे, मुलीची आई जेव्हा ‘चालेल’ म्हणते ना, तेव्हा ते पुढे बारशापर्यंत चालतं! मी फोन ठेवला आणि ठरवलं. विहीणबाईंना ओल्ड फॅशन्ड मिळणार, आणि ते मीच माझ्या हाताने करणार.

हे लगेच पुढे सरसावले. ‘‘तू कित्याक? मी करतंय मा! पेग भरूक काय लागता?’’

‘‘तुम्ही गप बसा. तुमचा पेग म्हणजे ग्लासभर दारू आणि वरून पाण्याला नुसती ओळख दाखवायची. हे पाककृतीचं काम आहे.’’

मोबाईलवर शोधलं. एक मिशाळ पोरगा काळं ॲप्रन बांधून उभा होता, चेहरा असा गंभीर की जणू कोणाचं पोट कापायला घेतलंय. ग्लासात साखर घ्यायची. तिच्यावर कडू अर्काचे दोन-चार थेंब टाकायचे. मग व्हिस्की, मग बर्फाचा एकच मोठा खडा. आणि मग ढवळायचं. घुसळायचं नाही, हलवायचं नाही, लांब दांड्याच्या चमच्याने हळूहळू ढवळत राहायचं. शेवटी संत्र्याची साल पिळून वरून सोडायची. एवढंच? अहो, ह्यापेक्षा जास्त मेहनत सोलकढीला लागते!

कडू अर्क मालवणच्या बाजारात मिळेना. पण आमच्याकडे कडूला काय तोटा? ताप आला, जंत झाले, की पोरांच्या नाकाला चिमटा लावून पाजतो ते किराईत घरात होतंच. ते रात्रभर भिजत घातलं आणि सकाळी आटवलं. काळंकुळकुळीत झालं. बोट बुडवून चाटलं तर माझे माहेरचे सगळे मेलेले आठवले. म्हटलं, जमलं. साखरेचा चौकोनी खडा नव्हता, गुळाचा घेतला. लांब चमचा नव्हता, पण करवंटीची डवली होती. तिचा दांडा छान लांब. आठवडाभर मी व्हिस्कीच्या जागी सोलांचं सरबत घेऊन दांड्याने ढवळत होते. बाजूला बसून हे बघायचे आणि म्हणायचे, ‘‘गो, तेचो जीव जायत इतक्या ढवळण्यान.’’

राहिली ती व्हिस्की. ती आणायचं काम ह्यांच्याकडे. रोज सकाळी विचारायची, आणलीत? रोज उत्तर एकच. ‘‘उद्या हाडतंय गो. मालवण काय पळान जाता?’’

मालवण नाही पळालं. पाहुणे यायच्या दिवशी दुपारी कळलं की ग्रामपंचायतीचं मतदान परवावर आलंय आणि दारूची सगळी दुकानं आजपासून बंद! शेजारपाजारी विचारावं तर आधी मलाच विचारतील, ‘बाई, तुमका कित्याक व्हयी?’ सगळ्या गावाची मुलं माझ्या हाताखालून गेलेली. काय सांगू त्यांना?

तिकडे माधवीताई आणि कल्याणी आल्या, जेवल्या, जरा आडव्यासुद्धा झाल्या. माधवीताई साध्या, पांढरे आखूड केस, सुती साडी, आवाज हळू. इतकं हळू बोलणाऱ्या माणसांची मला फार भीती वाटते. त्यांच्या मनात काय चाललंय ते कळतच नाही हो! चार वाजता प्रसाद कल्याणीला घेऊन वालावलला गेला, लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि तळं दाखवायला. माधवीताई म्हणाल्या, मी इथेच बसते तुमच्याशी गप्पा मारत. आता संध्याकाळ डोक्यावर आली आणि बाटलीचा पत्ता नाही!

आणि मला राखणदार आठवला.

आमच्या बागेच्या कोपऱ्यात सातविणीच्या झाडाखाली एक दगड आहे, तो आमचा राखणदार. बागेवर, घरावर, गुराढोरांवर त्याची नजर असते. वर्षातून एकदा थंडीत त्याला राखण देतात. कोंबडा, नारळ, विडी आणि एक बाटली. बाप्येच तिथे देवाला गाऱ्हाणं घालतात, तिथेच रांधतात, तिथेच जेवतात, घरात काही आणायचं नाही. ह्या वर्षीची राखण नेमकी दुसऱ्या दिवशी होती. मोठ्या भावजींचा मुलगा बोटीवर आहे, त्याने ह्या वर्षी राखणदारासाठी म्हणून खास परदेशी व्हिस्की पाठवली होती. ती महिनाभर मांगरात टोपलीखाली देवाच्या नावाने ठेवलेली. भावजींनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, बाटलीला हात लावाल तर हात झडेल.

मी विचार केला. एवढ्या मोठ्या बाटलीतले दोन पेग काढले तर राखणदार काय मापटं घेऊन बसणार आहे? आणि मी काय चैनीसाठी घेतेय? मुलाच्या सोयरिकीसाठी! घर राखायचं काम त्याचं, मग मुलाचं लग्न राखायला नको? मनातल्या मनात त्याला नारळ कबूल केला आणि बाटली पदराखाली घालून स्वयंपाकघरात आणली.

ह्यांनी ती बघितली आणि चेहरा असा पांढराफटक झाला की मला वाटलं छातीत कळ आली.

‘‘गो, तेका हात लावू नको! देवाची वस्तू ती!’’

आता मला सांगा, ज्या माणसाला चतुर्थीला आरतीसाठी गोठ्यातून शोधून आणावं लागतं, तो माणूस मला देवाची वस्तू शिकवतो! मला जरा कौतुकच वाटलं. म्हटलं, वय झालं की भक्ती येते.

‘‘दोन पेगांनी काही होत नाही. नारळ बोललेय मी.’’

‘‘सुनंदा, ऐक तरी. त्या बाटलेत जा काय आसा ना, तां...’’

‘‘मला माहीत आहे काय आहे ते! तुम्ही आधी बर्फाचं बघा.’’

कारण सकाळपासून लाईट नव्हती आणि वाटीत लावलेल्या बर्फाचं नुसतं गार पाणी झालं होतं. ह्यांना स्कूटरवर जेटीवर पिटाळलं. तिथे बर्फ कमी आहे का? होड्यांत भरायला लाद्याच्या लाद्या येतात. हे पिशवीतून नारळाएवढा खडा घेऊन आले. काचेसारखा स्वच्छ, पण जवळ नेला की बांगडा! कुठल्या तरी क्रेटातलाच उचलून आणला होता. तीन पाण्यांनी धुतला. बर्फ उकळून घेता येत नाही, नाहीतर मी तेही केलं असतं.

तर, गूळ. त्यावर किराईत. त्यावर बाटलीतली व्हिस्की, रंग कसा, अगदी व्हिडिओतल्यासारखा सोनेरी. मी वास घेतला. मला वास आला तो बाटलीचा, बाकी चांगल्या दारूचा वास कसा असतो ते मला काय ठाऊक? मग बर्फ, मग डवलीचा दांडा. ढवळलं, ढवळलं, मनात बालवाडीतली दोन गाणी पूर्ण होईपर्यंत ढवळलं. वर संत्र्याची साल. व्हिडिओत चेरी होती, माझ्याकडे मोरावळा होता, त्याची फोड सोडली. काय दिसत होतं म्हणून सांगू!

ताट उचललं तर हे दारातच आडवे उभे. ‘‘एकच मिनिट गो, तुझ्या पाया पडतंय. माजा ऐकून घे, मगे...’’

‘‘तोंडावर बोट!’’

त्यांनी खरंच बोट ठेवलं हो. सवय! आणि मागच्या दाराने गोठ्याकडे निघून गेले ते गेलेच.

माधवीताई पडवीत झोपाळ्यावर बसल्या होत्या. ग्लास दिला. ‘‘अय्या, तुम्ही खरंच केलंत?’’ म्हणाल्या. खूश झाल्या. पहिला घोट घेतला आणि थांबल्या. ग्लास उजेडात धरून बघितला. परत एक घोट घेतला. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

‘‘हे तुम्ही स्वतः केलंत?’’

‘‘हो तर!’’

‘‘मुद्दाम? माझ्यासाठी?’’

‘‘मुद्दाम! आमच्या घरात बाईमाणसाला हे पहिल्यांदाच देतोय. म्हटलं, द्यायचं ते नीट विचार करून द्यायचं. आठवडाभर तयारी करतेय मी.’’

त्यांचा चेहरा एकदम आवळला. मला वाटलं, चढतेय. परदेशी आहे, चढणारच! त्या तशाच हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘मग तुम्हीही घ्या ना. मी एकटीच कशी घेऊ?’’

आली का पंचाईत! नाही म्हणावं तर विहीण म्हणेल, स्वतः सोवळी आणि मला दारुडी ठरवते. हो म्हणावं तर सात पिढ्यांत कुठल्या बाईने... पण प्रसादचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आत गेले, तसाच दुसरा ग्लास केला, राखणदाराला अजून एक नारळ बोलले आणि येऊन झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसले. डोळे मिटले आणि घोट घेतला.

अरे देवा रे! कडू म्हणजे किती कडू! घशातून खाली उतरेपर्यंत त्याचा पत्ता लागत होता. दुसऱ्या घोटाला कान गरम झाले. तिसऱ्याला झोपाळा हलायला लागला. म्हणजे झोपाळा हलतोच, पण हा वेगळा हलत होता. समोरच्या एका माडाचे दोन दिसायला लागले. तिथे दोनच माड आहेत हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं. आणि जीभ! एरवीच ती माझ्या ताब्यात नसते, आता तर सुटलीच.

‘‘माधवीताई,’’ मी पडवीतल्या सोफ्याकडे बोट दाखवत म्हटलं, ‘‘हा सोफा आमचा नाही.’’

‘‘काय?’’

‘‘शेजारच्यांचा आहे. उद्या परत द्यायचाय. जेवायच्या प्लेटीपण त्यांच्याच. आणि घराला रंग फक्त पुढून काढलाय, मागच्या बाजूला जाऊ नका. आणि प्रसाद बेडकाला घाबरतो! दहावीपर्यंत न्हाणीघरात एकटा जात नव्हता. पण भांडी चकाचक घासतो हां, मी शिकवलंय.’’

माधवीताई माझ्याकडे बघतच राहिल्या. एकदा माझ्याकडे, एकदा ग्लासाकडे, परत माझ्याकडे. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. मला काय माहीत त्या हसू दाबतायत!

‘‘सुनंदाताई, तुम्हाला बरं वाटतंय ना?’’

‘‘मला चढलीय,’’ मी जाहीर केलं. ‘‘आणि चढली आहे तर खरं सांगते. मला तुमची भीती वाटते. तुम्ही शिकलेल्या, हळू बोलता. मी अशी बोंब मारणारी. तुम्ही नाही म्हणालात तर माझा पोरगा तोंडाने काही बोलणार नाही, पण खंगेल. आणि हो म्हणालात तर तो कायमचा पुण्याचा होईल आणि मला फक्त मोबाईलवर दिसेल, तोही अर्धा, कारण कॅमेरा कसा धरायचा ते त्याला कळत नाही. म्हणजे दोन्हीकडून मीच रडणार!’’

आणि मी रडायलाच लागले. अगदी हमसून हमसून! माधवीताईंनी ग्लास खाली ठेवला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘‘अहो, मलाही एकच आहे. ती गेली की घरात मी आणि भिंती.’’ त्यांच्याही डोळ्यांत पाणी. पाच मिनिटं आम्ही दोघी शेजारच्यांच्या सोफ्यासमोर, आमच्या झोपाळ्यावर बसून रडत होतो.

रडून झालं की काय करायचं असतं? मला फुगडी आठवली. आता का आठवली ते विचारू नका, चढलेल्या माणसाला कारण लागत नाही. पदर खोचला, त्यांचे हात धरले आणि ओढत खळ्यात नेलं. ‘‘अहो, गुडघे!’’ त्या ओरडल्या. म्हटलं, डॉक्टर आहात ना, उद्या बघा गुडघे! आणि फुगडी धरली. दोन विहिणी, दिवेलागणीच्या वेळी, खळ्यात गरागरा! पुण्याची बाई पण काय फिरते हो!

तेवढ्यात मोठे भावजी कुंपणापाशी येऊन उभे राहिले. खांद्यावर पंचा, हातात दुसऱ्या दिवशीच्या राखणीचा कोंबडा. कोंबडासुद्धा मान वाकडी करून बघत होता.

‘‘ह्यां काय चल्लाहा?’’

उभ्या जन्मात मी भावजींसमोर मान वर करून बोलले नव्हते. तशीच डुलत डुलत पुढे गेले. ‘‘भावजी, आज बोलूनच टाकते. तुमचं गाऱ्हाणं फार लांबतं! गेल्या वर्षी राखणदाराला तुम्ही पिठाच्या गिरणीपासून जावयाच्या बदलीपर्यंत सगळं सांगत बसलात. तिकडे कोंबड्याचा रस्सा थंड झाला, ह्यांना पित्त झालं. देवालाही कामं असतात!’’

भावजींच्या हातून कोंबडा सुटला. त्याच्या मागे ते, आणि त्यांच्या मागे मी. कोंबडा सापडला, पण कोणाला ते आठवत नाही. मी पडवीत येऊन भिंतीला टेकून बसले आणि बसल्या जागी झोपले.

सकाळी जाग आली तर डोकं ठणकतंय! फडकं बांधलं, लिंबूपाणी घेतलं. आणि हळूहळू एकेक आठवायला लागलं. सोफा. बेडूक. फुगडी. गाऱ्हाणं! धरणीमाते, पोटात घे. संपलं सगळं. राखणदाराची बाटली उष्टी केली, त्याने शिक्षा दिली. पडवीत येऊन बघते तर माधवीताईंची बॅग भरून दाराशी ठेवलेली. प्रसाद आणि कल्याणी खळ्याच्या कडेला काहीतरी कुजबुजत उभे होते. त्या पोराला तोंड दाखवायची माझी हिंमत होईना.

चहा केला. माधवीताईंपुढे कप ठेवला. हे कोपऱ्यात घावण्याचा तुकडा मोडत बसले होते, मान खाली. मी म्हटलं, ‘‘माधवीताई, काल मी जे काही...’’

त्यांनी घोट घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘छान झालाय चहा. पण कालचा जास्त छान होता. ह्यात बांगडा नाही.’’

मला काही कळेना. ‘‘कालचा? काल सकाळी तुम्ही कुठे होतात इथे?’’

‘‘सकाळचा नव्हे. संध्याकाळचा. गूळ, किराईत, मोरावळा आणि बिनदुधाचा गार चहा. कितीतरी वर्षांत इतकं वेगळं काही प्यायले नाही.’’

कोपऱ्यात ह्यांना घावण्याचा ठसका लागला.

मी सावकाश वळले. ह्यांनी आपणहून तोंडावर बोट ठेवलं होतं.

‘‘बोला,’’ मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

‘‘आता बोल म्हणतंस? काल तीन वेळा सांगूक इलंय मी! बाटली... म्हणजे रोज वायच वायच करून... परवा संपली. दादाक कळू नये म्हणून कोरो च्या करून भरलंय. राखणीच्या आदी मालवणातसून दुसरी हाडून ठेवतलो होतंय, तर ही निवडणूक इली!’’

‘‘मग मला काल...’’ मी डोक्याचं फडकं ओढून काढलं. ‘‘मला काल चढली ती?’’

‘‘च्या,’’ हे म्हणाले.

काय हसल्या हो माधवीताई! हळू बोलणारी बाई इतकी मोठ्याने हसू शकते? डोळे पुसत म्हणाल्या, ‘‘पहिला घोट घेतला तेव्हा माझा इतका संताप झाला! वाटलं, ही बाई मला टोमणा मारतेय. आमच्या घरात बायकांना चहाच मिळतो, असं सांगतेय. आणि वर म्हणते, मुद्दाम, विचार करून दिलंय! मी ठरवलं होतं, सकाळी कल्याणीला घेऊन सरळ फोंडाघाट चढायचा. म्हणून तर तुम्हाला प्यायला लावलं. म्हटलं, बघू तरी नाटक किती वेळ करते. आणि तुम्ही तिसऱ्या घोटाला सोफ्यावर आलात!’’

मी पदरात तोंड लपवलं.

‘‘सुनंदाताई, मी घर बघायला आले होते. घराची मागची बाजूसुद्धा तुम्ही मला दाखवलीत. आता अजून काय बघायचं? माझा होकार आहे.’’

मी त्यांना मिठी मारली आणि परत रडले. ह्या वेळेला शुद्धीत. म्हणजे आदल्या दिवशीही शुद्धीतच होते म्हणा.

तेवढ्यात भिंतीपलीकडून मोठ्या भावजींची हाक आली. ‘‘बाबीऽऽ! बाटली खंय आसा रे? टोपलीखाली कायच नाय!’’

हे घावण्यासकट उभे राहिले आणि गोठ्याची वाट शोधायला लागले. भावजींना कळलं असतं तर कोंबड्याआधी ह्यांचीच राखण झाली असती. पण माधवीताई शांतपणे उठल्या, दाराशी ठेवलेली बॅग उघडली आणि साडीत गुंडाळलेली एक बाटली बाहेर काढली. तीही परदेशी, सील न फोडलेली.

‘‘व्याह्यांसाठी आणली होती,’’ म्हणाल्या. ‘‘पण काल चहा मिळाल्यावर बाहेर काढायचा धीर झाला नाही.’’

ती बाटली राखणदाराला गेली. राखणीच्या जेवणाला बायका जात नाहीत, पण कुंपणाआडून गाऱ्हाणं ऐकायला कोण अडवतंय? मी, माधवीताई आणि कल्याणी तिघी उभ्या होतो. सातविणीखाली भावजींनी हात जोडले.

‘‘बा देवा राखणदारा म्हाराजा, आज ही जी काय तुझी राखण तुका दितंव, ती गोड मानून घे रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ बाप्यांनी साथ दिली.

‘‘पोराची ही जी सोयरीक जमली हा, ती सुखाची कर रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ कुंपणाआडून माधवीताईंचा आवाज सगळ्यात मोठा.

‘‘आणि कोणी तुझ्या बाटलेक हात लावलो आसात, तर तेका वायच अक्कल दी रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ हे इतक्या मोठ्याने ओरडले की मला सगळं समजलं. भावजींना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण त्या माणसाला आपला भाऊ ठाऊक होता. गाऱ्हाणं तिथेच संपलं. इतकं छोटं गाऱ्हाणं त्या बागेने कधी ऐकलं नव्हतं! भावजींनी जाता जाता कुंपणाकडे एक नजर टाकली.

लग्न झालं, थाटात झालं. माधवीताई आता वर्षातून दोनदा येतात, येताना स्वतःची बाटली आणि कडू अर्क घेऊन येतात, आणि आम्ही दोघी खळ्यात बसतो. त्या त्यांचं ओल्ड फॅशन्ड ढवळतात, मी माझा चहा. आणि मोठे भावजी? त्यांनी त्या दिवसाबद्दल मला एका शब्दाने कधी विचारलं नाही. फक्त संध्याकाळी माझ्या हातात कप दिसला की कुंपणापाशी थांबतात, पंचा खांद्यावर नीट करतात आणि अगदी काळजीने म्हणतात,

‘‘सुनंदा, एकच घे हां. घरात पावणे आसत.’’